ट्रान्सपॉन्डर फुकट मिळाला, पण बोटीवरची वीज कुणी मोजली?

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांनी वाढवण बंदराचं भूमिपूजन केलं. सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प, त्यामुळे बातम्यांमधली सगळी जागा बंदरानेच खाल्ली. त्याच मंडपात आणखी एक योजना सुरू झाली आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात राहिली. देशातल्या १३ किनारी राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून १ लाख मासेमारी बोटींवर टप्प्याटप्प्याने उपग्रह ट्रान्सपॉन्डर बसवायचे. खर्च सुमारे ३६० कोटी. नुसता भागाकार केला तरी बोटीमागे ३६ हजार रुपये होतात, आणि मच्छीमाराला यंत्र विनामूल्य.

हा ट्रान्सपॉन्डर इस्रोच्या तंत्रज्ञानावर चालतो. बोट कुठे आहे ते तो उपग्रहामार्फत किनाऱ्याला कळवत राहतो. मोबाइलचं नेटवर्क संपल्यावरही दोन्ही बाजूंनी छोटे संदेश जाऊ-येऊ शकतात. वादळाचा इशारा येतो, आंतरराष्ट्रीय सागरी सीमा जवळ आली की सूचना येते, संकटात मदत मागता येते. फोनवर ‘नभमित्र’ नावाचं ॲप टाकायचं, ब्लूटूथने जोडायचं, झालं.

योजना चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझा प्रश्न साधा आहे: हे यंत्र चोवीस तास चालायला वीज लागणार, ती कुठून येणार? योजनेच्या बातम्यांत नग मोजलेत, कोटी मोजलेत, राज्यं मोजलीत. वॅट-तास कुणी मोजलेले मला दिसले नाहीत.

मुकुंदवाडीत बसून मी समुद्रातल्या बोटींवर लिहितोय म्हटल्यावर कुणी हसेल. इथून मुंबईचा समुद्र सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे. पण इन्व्हर्टरची बॅटरी रात्री अडीचला का दम तोडते, हे भारनियमनात वाढलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बोटीवरचं गणित तेच आहे. आणि आपल्या शहराच्या नळाला ज्या नाथसागराचं पाणी येतं, तिथेही रोज होड्या पाण्यात जातात. त्यांच्याकडे शेवटी येऊच.

हे यंत्र हवंच कशाला?

२०१७ चं ओखी चक्रीवादळ आठवतंय का? नोव्हेंबरच्या शेवटी श्रीलंकेजवळ ते तयार झालं आणि झपाट्याने जोर धरला. किनाऱ्यावर इशारे निघाले, पण केरळ आणि तमिळनाडूच्या शेकडो बोटी आधीच खोल समुद्रात होत्या. मोबाइलचा टॉवर किनाऱ्यापासून साधारण दहा-पंधरा किलोमीटर साथ देतो. व्हीएचएफ रेडिओ त्याच्या पुढे जातो, पण तोही नजरेच्या टप्प्याचा खेळ. पृथ्वीच्या गोलाईआड गेलात की आवाज संपला. त्या वादळात केरळच्या ६६ आणि तमिळनाडूच्या २ बोटी ९५२ मच्छीमारांसह आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. अनेक जण मात्र कुठेच लागले नाहीत.

त्यानंतर ‘इशारा होता, पण पोहोचवायचा कसा’ यावर काम सुरू झालं. २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचा छोटा रिसीव्हर आला. तो उपग्रहाकडून इशारे घेतो आणि ब्लूटूथने फोनवर दाखवतो. पण तो एकतर्फी. ऐकू येतं, बोलता येत नाही. त्याआधीपासून, २०१० पासून, इस्रोचं संकट-संदेश यंत्र होतं, म्हणजे डॅट. २० हजारांहून जास्त डॅट वापरात आहेत. त्याचा संदेश चेन्नईच्या बचाव केंद्राला जातो. पण जुन्या डॅटवर बटण दाबल्यावर ‘तुमचा निरोप मिळाला’ असं उलट कळायचं नाही. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत ती सोय झाली.

या दोन यंत्रांमधला फरक विजेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. डॅट झोपलेलं असतं, संकटातच उठतं. ट्रान्सपॉन्डर जागा असतो. रोज, रात्रंदिवस. झोपलेल्या यंत्राला स्वतःची सीलबंद बॅटरी पुरते. जाग्या यंत्राच्या आत छोटी बॅटरी दिली तरी ती कुठून तरी भरत राहावीच लागते. ते ‘कुठून तरी’ म्हणजे बोटीची १२ व्होल्टची बॅटरी.

एक गैरसमज आधीच दूर करतो. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, म्हणजे यंत्र प्रचंड वीज खात असणार, असं वाटू शकतं. तसं नाही. या कामासाठी वापरात असलेला जीसॅट-६ हा २७ ऑगस्ट २०१५ ला सोडलेला उपग्रह अंतराळात ६ मीटर व्यासाची छत्री उघडून बसलाय. वरचा कान एवढा मोठा असला की खालच्याला ओरडावं लागत नाही. शिवाय संदेश छोटे. क्षणभर काही वॅट लागतात, मग बराच वेळ शांतता. सरासरी काढली तर अशा प्रकारच्या यंत्रांचा खर्च घरातल्या नाईट लॅम्पच्या आसपास राहतो. म्हणजे यंत्र खादाड नाही. पण ते एकाच ताटात जेवतंय, आणि त्या ताटावर बसलेले बाकीचे पाहुणे खादाड आहेत.

एका बोटीचा हिशेब

हिशेबासाठी एक बोट धरू. दोन दिवस-एक रात्र समुद्रात राहणारी, लहान इंजिनाची. बॅटरी एकच, ट्रकला असते तसली १०० अँपिअर-तासांची.

रात्री दिवे हवेतच, नाहीतर मोठं जहाज अंगावर येईल. एलईडी दिवे मिळून १० वॅट, अकरा तास: ११० वॅट-तास. व्हीएचएफ रेडिओ चालू ठेवायचा, कारण चॅनल १६ वर कुणीही हाक मारू शकतं. नुसतं ऐकायला सुमारे ४ वॅट, चोवीस तास: ९६. बोलताना मात्र हाच रेडिओ ६०-६५ वॅट ओढतो. दिवसभरात मिळून दहा मिनिटं बोलणं झालं तर आणखी ११. मासे शोधणारं यंत्र आणि जीपीएस मिळून १० वॅट, आठ तास: ८०. ट्रान्सपॉन्डरला ३ वॅट धरू, चोवीस तास: ७२. दोन फोन, चार्जिंगमधल्या तोट्यासह: ५०.

बेरीज ४१९ वॅट-तास. महावितरणच्या भाषेत अर्ध्या युनिटपेक्षा कमी. तुमच्या खोलीतला जुना ७५ वॅटचा पंखा साडेपाच तासांत एवढी वीज खातो. आणि तेवढ्यावर एका बोटीचा रस्ता, उजेड, बोलणं आणि जीव चालतो.

आता जमेची बाजू. १०० अँपिअर-तास गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १,२०० वॅट-तास. म्हणजे जवळपास तीन दिवस? नाही. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली वारंवार नेली तर ती लवकर मरते, आणि ट्रकची बॅटरी तर त्याहून नाजूक. ती इंजिनाला एक जोरदार धक्का द्यायला बनवलेली असते. आतल्या प्लेट पातळ, काम सेकंदांचं. तिच्याकडून रात्रभर दिवे चालवून घेणं म्हणजे शंभर मीटर धावणाऱ्याला पंढरीच्या वारीला पाठवणं. तेव्हा हातात उरले ६०० वॅट-तास. दीड दिवसापेक्षा थोडं कमी.

तुम्ही म्हणाल, इंजिन चालू असताना बॅटरी भरतेच की. भरते, जर इंजिनाला अल्टरनेटर असेल तर. दोरी ओढून सुरू होणाऱ्या बऱ्याच लहान आउटबोर्ड मशिनांना चार्जिंगची सोय नसते, किंवा नावापुरती असते. आणि जाळं टाकून नांगरावर थांबलेल्या बोटीत इंजिन बंदच असतं. डिझेल फुकट येत नाही.

मग सोलर? १०० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला ३५०-४०० वॅट-तास देतं. आपल्या हिशेबाच्या जवळ जातं. पण महाराष्ट्रात मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते आणि हंगाम उघडतो ऑगस्टमध्ये. कोकणातला ऑगस्ट. ढगाखाली तेच पॅनल निम्मं देतं, कधी त्याहूनही कमी. वर मिठाचा थर बसतो आणि एखाद्या काठीची सावली पडते. सावली पॅनलच्या दहाव्या हिश्श्यावर असली तरी वीज दहा टक्क्यांनीच घटेल असं नाही. आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि एक अडला की त्याच्या ओळीतले सगळे अडतात. थोडक्यात, सोलर नेमकं त्या दिवसांत हात आखडता घेतं ज्या दिवसांत इशाऱ्याची गरज सगळ्यात जास्त. वादळ काही निरभ्र आकाशातून येत नाही.

इथे एक आडवळण घेतो, कारण तुमच्या बॅगेतल्या वस्तूचा प्रश्न आहे. पॉवर बँकवर १०,००० एमएएच छापलेलं असतं आणि फोनवर ५,०००. म्हणजे फोन दोनदा भरणार? होत नाही तसं. ते १०,००० आतल्या सेलचे आहेत, ३.७ व्होल्टवर. गुणाकार करा: ३७ वॅट-तास. यूएसबीतून बाहेर पडतात ५ व्होल्ट. ३७ भागिले ५ म्हणजे ७,४०० एमएएच, आणि व्होल्टेज वाढवताना वाटेत काही उष्णतेत जातं. मी माझी पॉवर बँक यूएसबी मीटर लावून रिकामी केली तेव्हा ६,२०० च्या आसपास निघाले. कंपनीने फसवलं नव्हतं. मागे बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून जवळपास तोच आकडा होता. फोन भरला जेमतेम दीड वेळा. म्हणून बॅटरीची तुलना करायची असेल तर एमएएच सोडा, वॅट-तास बघा. बोट असो की ट्रेक.

आणि बोटीवर फोन चार्ज करायला इन्व्हर्टर लावणं हा शुद्ध अपव्यय. १२ व्होल्टचे २३० करायचे, मग चार्जरने २३० चे पुन्हा ५ करायचे. दोन्हीकडे तोटा, शिवाय काही जोडलेलं नसतानाही इन्व्हर्टर स्वतः वीज पीत बसतो. गाडीत असतो तसा १२ व्होल्टचा यूएसबी सॉकेट थेट लावला की प्रश्न मिटला.

बोटीवरचं भारनियमन

आता मुख्य मुद्दा. वरच्या हिशेबात ट्रान्सपॉन्डरचा वाटा ७२ आहे. एकूण खर्चाच्या सुमारे सतरा टक्के. बॅटरी उतरवतात दिवे, रेडिओ आणि मासे शोधणारं यंत्र. पण सगळं एकाच बॅटरीवर, एकाच फळीवर जोडलं असेल तर मरताना सगळे एकत्र मरतात. सगळ्यात कमी खाणारा आणि सगळ्यात गरजेचा, तोही बाकीच्यांबरोबर उपाशी. एवढंच नाही, इंजिन सेल्फ-स्टार्टचं असेल तर तेही त्याच बॅटरीवर. दिवा विझला, यंत्र गेलं, इंजिन उचलत नाही आणि वारा वाढतोय. तिन्ही एकदम होतं, कारण तिन्हीचं मूळ एक.

आपल्याकडे भारनियमनाला कितीही शिव्या घातल्या तरी त्यात एक शहाणपण असतं. वीज कमी पडली तर कुणाची आधी कापायची हे आधी ठरलेलं असतं. रुग्णालयाची लाइन शेवटी. बोटीवर नेमकं हेच हवं. बॅटरी अर्धी झाली की मासे शोधणारं यंत्र आणि जादा दिवे आपोआप बंद. ट्रान्सपॉन्डर, रेडिओ आणि नेव्हिगेशनचा दिवा शेवटपर्यंत चालू.

हे करायला कोणतंही रॉकेट सायन्स लागत नाही. सोलर चार्ज कंट्रोलर नावाचा जो डबा असतो त्याला पॅनलची एक जोडी, बॅटरीची एक जोडी आणि बहुतेकांत ‘लोड’ नावाची तिसरी जोडी असते. व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की लोडची जोडी तो स्वतः तोडतो. तांडेलाला काही बघावं लागत नाही. अडचण अशी की स्वस्त कंट्रोलरमध्ये हा आकडा ११ व्होल्टच्या आसपास कायमचा बसवलेला असतो, आणि ११ व्होल्टला लेड-ॲसिड बॅटरी जवळपास संपलेलीच असते. विश्रांतीत असताना १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. म्हणून आकडा बदलता येईल असा कंट्रोलर घ्यायचा, १२ च्या थोडा वर ठेवायचा, आणि कापायच्या वस्तू लोडवर जोडायच्या. ट्रान्सपॉन्डर थेट बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजसह.

यातून काय मिळतं बघा. अर्ध्यावर बाकीचं सगळं कापलं गेलं तरी बॅटरीत ६०० वॅट-तास शिल्लक असतात. त्यातले ३०० जरी हाताशी आले तरी ३ वॅटचं यंत्र शंभर तास चालतं. चार दिवस! अशाने बॅटरीचं आयुष्य कमी होईल, होऊ दे. चार दिवस भरकटलेल्या बोटीवर बॅटरीच्या वॉरंटीची चिंता कुणी करत नाही. हे नको असेल तर कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते तसली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची वेगळी बॅटरी फक्त ट्रान्सपॉन्डरसाठी ठेवायची. तिच्यावर सुमारे एक दिवस निघतो.

प्रश्न फक्त बोटीवरच्या माणसांचा नाही. नियंत्रण कक्षात नकाशावर एक ठिपका अचानक गायब होतो तेव्हा तीन शक्यता असतात. बोट बुडाली, कुणी यंत्र मुद्दाम बंद केलं, किंवा बॅटरी उतरली. पडद्यावर तिन्ही सारख्याच दिसतात. बॅटरी उतरून ठिपके रोज गायब व्हायला लागले तर चौथ्या दिवशी कक्षातला माणूस त्याकडे बघायचं सोडून देईल. लांडगा आला रे आला. आणि सीमेजवळच्या बोटीचा ठिपका गायब झाला तर उलट बिचाऱ्या नाखव्यालाच चौकशीला तोंड द्यावं लागेल. २६/११ चे हल्लेखोर ‘कुबेर’ या मासेमारी बोटीतून आले होते. तेव्हापासून समुद्रात न दिसणाऱ्या बोटीकडे यंत्रणा संशयाने बघते, आणि त्यात चूक काही नाही. म्हणूनच बोटीने व्होल्टेजही कळवायला हवं. संदेशात बोटीच्या जागेबरोबर बॅटरीचा एक आकडा गेला तरी ‘उतरत होती, म्हणून बंद पडली’ हे किनाऱ्यावर समजेल. आपले फोन लोकेशन शेअर करताना बॅटरीचे टक्के दाखवतात, मग बोटीला का नको?

मीठ, तार आणि एक व्होल्ट

बॅटरी कितीही चांगली असली तरी वीज यंत्रापर्यंत तारेतून जाते. १२ व्होल्टच्या दुनियेत तार हा मोठा खलनायक आहे. घरातल्या २३० व्होल्टमध्ये एक व्होल्ट गेला तर कुणाला कळतही नाही. इथे एक व्होल्ट म्हणजे बाराव्या हिश्श्याची चोरी. उदाहरण: बॅटरीपासून रेडिओ पाच मीटर, तार एक चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन दहा मीटर झाली, रोध सुमारे ०.१७ ओहम. बोलायचं बटण दाबलं की रेडिओ साडेपाच अँपिअर ओढतो. गुणाकार केला तर जवळजवळ एक व्होल्ट तारेतच संपला. बॅटरी १२.२ ला आहे, रेडिओला मिळतात ११.३. ऐकू तर नीट येतं, पण बोलायला जावं तर रेडिओच बंद पडून पुन्हा सुरू होतो. लोक रेडिओला शिव्या देतात. दोष तारेचा.

त्यात खारी हवा. तांब्यावर हिरवा थर चढतो, जोड सैल होतात, रोध आणखी वाढतो. कथिलाचा मुलामा दिलेली तार, घट्ट दाबलेले लग, टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा लेप आणि बॅटरीजवळच फ्यूज, एवढ्याने निम्म्या तक्रारी जातात. आणखी एक गोष्ट, जी फार कमी जणांना माहीत असते: लेड-ॲसिड बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू तयार होतो. तो विषारी आहे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांच्या खलाशांना याची धास्ती असायची. तेव्हा बॅटरी बोटीच्या तळात नको. उंचावर, बांधलेली, हवा खेळती राहील अशा पेटीत हवी. चार्ज होताना ती हायड्रोजनही सोडते.

लिथियम घ्यावी का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. एलएफपी प्रकारची लिथियम बॅटरी बोटीला खरोखर योग्य आहे. वजन निम्म्याहून कमी, आणि ८०-९० टक्के वापरली तरी कुरकुर नाही. म्हणजे तेवढ्याच अँपिअर-तासांत जवळपास दुप्पट वीज हाताशी. पण जुन्या बॅटरीच्या जागी ती नुसती ठेवून चालत नाही. ती रिकामी असताना अल्टरनेटरकडून इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. आणि ई-रिक्षाच्या बाद पॅकमधले सेल काढून स्वस्तात बांधून मिळणारी बॅटरी? जमिनीवरही घेऊ नका. बोटीवर आग लागली तर पळायला जागा नसते.

या सगळ्याच्या उलट टोकाला आहेत एलईडी मासेमारी करणाऱ्या बोटी. जनरेटर लावून समुद्रात लख्ख उजेड पाडायचा, मासे गोळा करायचे आणि उपसून न्यायचे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने त्यावर बंदी घातली, राज्याचीही बंदी आहे, तरी मालवण-देवगडचे पारंपरिक मच्छीमार या बोटींविरुद्ध पुन्हा पुन्हा आंदोलन करतात. एकाच समुद्रात एकाकडे बेकायदा उजेडासाठी किलोवॅट, आणि दुसऱ्याकडे जीव वाचवणाऱ्या यंत्रासाठी तीन वॅटची मारामार.

मला विचाराल तर ३६ हजारांच्या यंत्राबरोबर फार काही नको. आकडा बदलता येणारा एक कंट्रोलर, फ्यूज, पाच-सहा मीटर चांगली तार, आणि सोप्या मराठीत छापलेलं जोडणीचं एक पान. यंत्र बसवणारा माणूस बॅटरीचं व्होल्टेज मोजूनच सही घेईल असा नियम हवा. मत्स्यव्यवसाय विभागाला हे जमण्यासारखं आहे. यंत्रापुढे हा खर्च किरकोळ आहे.

आणि फोन

ट्रान्सपॉन्डर चालू, पण फोन मेला, तर? ठिपका दिसत राहील, पण ॲपवरचा संदेश वाचणार कुठे? म्हणून फोनची बॅटरी ही आता बोटीच्या सुरक्षेची साखळी झालीय, शेवटची आणि सगळ्यात कच्ची कडी.

समुद्रात फोन लवकर उतरतो, त्याची दोन कारणं. एक, उन्हात स्क्रीन पूर्ण प्रकाशात ठेवावी लागते. दुसरं, सिग्नल क्षीण झाला की फोन टॉवरला गाठायला जास्त ताकदीने ओरडतो, आणि सिग्नल गेला तरी शोध थांबवत नाही. उपाय सोपा आहे: किनाऱ्याचं नेटवर्क सुटलं की फ्लाइट मोड. बहुतेक फोनमध्ये जीपीएस त्यातही चालतं, कारण जीपीएस फक्त ऐकतं. मग ब्लूटूथ हाताने परत चालू करायचं, ट्रान्सपॉन्डर जोडलेला राहतो. ब्लूटूथचा खर्च नगण्य. रात्रीच्या एसटीत बिनसिग्नलच्या घाटातून जाताना हेच करून बघा, सकाळी फरक दिसेल.

नाथसागरावर काय?

पैठणचा नाथसागर आपल्यापासून पन्नास किलोमीटरवर. इथे उपग्रह ट्रान्सपॉन्डरची योजना नाही, ती समुद्रासाठी आहे. पाण्यावरच्या विजेची चर्चा इथे वेगळ्याच कारणाने गाजली. जायकवाडीच्या जलाशयावर तरंगता सौर प्रकल्प करायचं ठरलं. तिथे मासेमारी करणाऱ्यांच्या कहार समाज पंच कमिटीने त्याला आव्हान दिलं. हरित लवादाने सप्टेंबर २०२४ मध्ये अर्ज फेटाळला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. पक्षी अभयारण्य, स्वच्छ ऊर्जा, उपजीविका, तिन्ही बाजूंना मुद्दे आहेत आणि तो वेगळ्या लेखाचा विषय. पण ज्या पाण्यावर पॅनल तरंगणार, त्याच पाण्यावरच्या होडीतला फोन पहाटे साडेचारला बंद पडलेला असेल, हे मला डाचतं. शक्य असेल तर प्रकल्पाने मच्छीमारांच्या धक्क्यांवर चार्जिंगचे पॉइंट तरी द्यावेत.

धरणाचं पाणी शांत असतं हा भ्रम आहे. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. एक जण पोहत काठाला लागला. खिशातला फोन पाण्यात गेल्यावर काय उपयोगाचा?

म्हणून नाथसागरावर, उजनीवर किंवा कुठल्याही तलावात होडीतून जाणाऱ्या मित्रांनो: फोन झिपच्या वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, दोरीने गळ्यात. पॉवर बँक दुसऱ्या पाऊचमध्ये, लाइफ जॅकेटच्या खिशात. दोन्ही एकाच पिशवीत ठेवू नका, पिशवी गेली की दोन्ही जातात. चार्जिंग पोर्ट ओलं असताना केबल लावू नका. डोक्याच्या बॅटरीसाठी फोनचा टॉर्च वापरू नका, दोनशे रुपयांचा वेगळा हेडलॅम्प घ्या. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन आठ तास चालू ठेवलं तर जीपीएस आणि डेटा दोन्ही सतत जागे राहतात. त्याऐवजी निघताना एकदा आणि जाळ्यापाशी पोहोचल्यावर एकदा साधं लोकेशन घरी पाठवा, आणि किती वाजता परतणार ते लिहा. आपल्या सिमचं नेटवर्क दिसत नसलं तरी ११२ लावून बघा. दुसऱ्या कंपनीचा टॉवर टप्प्यात असेल तर तो कॉल त्यावरून जाऊ शकतो. त्यासाठी फोनमध्ये पाच टक्के तरी राखून ठेवा.